पिकअप ट्रकवर सॅटेलाइट रेडिओचा अँटेना नीटनेटका कसा बसवावा

सॅटेलाइट रेडिओचा अँटेना म्हणजे काड्यापेटीएवढा, बुडाला चुंबक असलेला काळा ठोकळा. तो टपावर ठेवायला अर्धे मिनिट पुरते. सारा वेळ जातो तो त्याची बारीक केबल डॅशबोर्डमागच्या रिसीव्हरपर्यंत आणण्यात. पिकअपला डिकी नसते आणि केबिन जिथे संपते तिथे काच व पत्र्याची उभी भिंत असते, त्यामुळे केबल आत घ्यायची कुठून हा पहिला प्रश्न पडतो. त्याचे उत्तर त्याच भिंतीवर, काचेच्या वर असते. तिथला तिसरा ब्रेकलाइट काढला की केबलला आत शिरायला आयती वाट मिळते.

मात्र स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी जागा नक्की करावी. अमेरिका आणि कॅनडात सिरियस एक्सएम या सॅटेलाइट रेडिओ सेवेचे प्रक्षेपण २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात येते. इतक्या उंच कंप्रतेच्या लहरी जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात, म्हणून अँटेनाला मोकळे आकाश दिसणे आवश्यक असते, आणि विषुववृत्तावरचे भूस्थिर उपग्रह तिथून पाहताना दक्षिणेकडे असल्यामुळे विशेषतः दक्षिणेचे आकाश. डॅशबोर्डवर, काचेच्या आत अँटेना ठेवला तर वरचा टप अर्धे आकाश झाकतो, शिवाय काही काचांवर धातूचा पातळ थर असतो. ती सोय मी तात्पुरतीच मानतो.

टपाचा पत्रा अँटेनाखाली परावर्तकाचे काम करतो. त्यामुळे ठोकळा टपाच्या कोणत्याही कडेपासून निदान ३ इंच, म्हणजे सुमारे ८ सेंटिमीटर आत असावा आणि सनरूफ किंवा दुसऱ्या अँटेनाला खेटून नसावा. केबल मागून आत घ्यायची असल्याने टपाच्या मध्यरेषेवर, मागच्या कडेपासून १० ते १५ सेंटिमीटर पुढे, ही जागा सहसा उत्तम ठरते. याला एक अपवाद आहे: मागच्या हौद्यावर केबिनपेक्षा उंच टोपण किंवा शिडीची चौकट असेल, तर ट्रक उत्तरेकडे तोंड करून चालताना दक्षिणेचे आकाश नेमके त्याच्या आड जाते. अशा वेळी ठोकळा बराच पुढे सरकवावा. २०१५ पासूनच्या फोर्ड एफ-१५० सारख्या ट्रकचा टप ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याला चुंबक चिकटत नाही. परावर्तक म्हणून ॲल्युमिनियम चालते, अडचण फक्त पकडीची असते. मोटारीच्या बाहेरच्या भागांसाठी मिळणाऱ्या दुहेरी चिकटपट्टीने ती दूर होते.

जागा ठरली की केबल तात्पुरती उघड्या खिडकीतून आत घ्यावी, रिसीव्हरवरचा सिग्नलचा निर्देशांक पाहावा आणि थोडे फिरून यावे. ही केबल दारात चेपून कायमची ठेवण्याचा मोह होतो; मीही एकदा तसे केले होते. दार रोज आपटून आतली तार चपटी झाली आणि पंधरा दिवसांत आवाज तुटू लागला. अँटेनातला छोटा ॲम्प्लिफायर याच केबलमधून वीज घेत असल्याने तार दुखावली की सगळेच बंद पडते.

आता ब्रेकलाइट. बहुतेक ट्रकमध्ये तो दोन स्क्रूंवर असतो. ते काढून दिवा अलगद बाहेर ओढावा आणि त्याच्या तारांचा जोड सोडवावा. दिव्यामागे फोमची गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी मऊ पट्टी, दिसेल. केबल वरून आत न घेता दिव्याच्या खालच्या कडेने घ्यावी आणि तिथे गॅस्केटला केबलच्या जाडीपेक्षा किंचित कमी खोल खाच द्यावी, म्हणजे दिवा आवळल्यावर फोम तिच्याभोवती घट्ट बसतो. आत शिरण्याआधी केबलला खाली लोंबणारा लहानसा वळसा ठेवावा. तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या वळशाच्या तळाशी येऊन गळून पडते. खाचेवर न्यूट्रल प्रकारच्या सिलिकॉनचा बारीक थर द्यावा, कारण व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पत्र्याला गंज आणते.

आतला मार्ग ठरवताना एक गोष्ट अजिबात विसरू नये. दारांवरच्या टपाच्या कडेत आणि पुढच्या काचेशेजारच्या खांबांत पडदा-एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. तिच्यावरून केबल नेल्यास अपघाताच्या वेळी ती एअरबॅग नीट उघडणार नाही. म्हणून केबल मध्यावरूनच मागच्या भिंतीच्या अस्तरामागे सरळ खाली सोडावी, सीटच्या पाठीमागून जमिनीवर आणावी आणि उंबऱ्यावरच्या प्लॅस्टिक पट्टीखालून प्रवाशाच्या बाजूने पुढे न्यावी. त्या बाजूला पेडल आणि स्टिअरिंगचा दांडा नसल्याने ग्लोव्हबॉक्समागून रिसीव्हर गाठणे सोपे जाते. सरकत्या सीटच्या रुळांपासून केबल दूर ठेवावी. पट्ट्या उचकटायला प्लॅस्टिकची चपटी पट्टी वापरावी. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने क्लिपा मोडतात आणि कडांवर वळ उठतात.

केबल हमखास उरते. ती कापू नये. हाताच्या पंजाएवढी सैल वेटोळी करून सीटमागे कापडी टेपने बांधावी. टोकदार घडी घातली तर सिग्नल घटतो.

शेवटी टप आणि चुंबकाचे बूड ओल्या कापडाने पुसून ठोकळा वरून अलगद टेकवावा, सरकवू नये, कारण खाली अडकलेला वाळूचा एक कण रंगावर लांब ओरखडा काढतो. तिसरा ब्रेकलाइट पेटतो का ते पाहावे. सिलिकॉन वाळल्यावर दिव्यावर पाच मिनिटे पाण्याचा पाइप धरावा आणि आत अस्तरावर बोट फिरवून ओल लागते का ते तपासावे. लागली, तर दिवा पुन्हा काढून खाच नव्याने बुजवावी.