कॅटसह येणारा एक्झॉस्ट पाइप घेताना

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू साफ करणारा डबा. गाडीच्या कंपनीऐवजी बाहेरचा कॅट-पाइप घेताना चकाकीपेक्षा कॅटची आतली जाळी बघा. कंपनीच्या कॅटमध्ये चौरस इंचाला साधारण ४०० किंवा त्याहून जास्त छिद्रे असतात, स्पोर्ट्स प्रकारात बहुधा २००. छिद्रे कमी म्हणजे धूर मोकळा वाहतो, पण तो साफ करणारा पृष्ठभागही घटतो. मग कॅटनंतर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो आणि ‘पी०४२०’ (कॅट नीट काम करत नाही) या कोडसह चेक इंजिनचा दिवा लागतो. टर्बो नसलेल्या गाडीत नुसता पाइप बदलून ताकद फारशी वाढत नाही. आवाज मात्र वाढतो! कॅट नसलेला पाइप रस्त्यावरच्या गाडीला नकोच, अनेक देशांत तो बेकायदाच आहे.

बसवताना इंजिन पूर्ण थंड हवे. गंजलेल्या नट-बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. गॅस्केट (सांध्यातले सील) नवेच घ्या. सगळे सांधे आधी सैल जुळवा, पाइप कुठे घासत नाही ना ते पाहा, मगच इंजिनकडून मागे कसत जा. सेन्सरच्या आधी बारीक गळती राहिली तरी बाहेरची हवा आत शिरून रीडिंग चुकते. आणि इंजिन मिसफायर करत असेल (इंधन नीट पेटत नसेल) किंवा ऑइल जाळत असेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर नवा कॅटही खराब होईल.