जुन्या दागिन्यावरील सही कशी पारखावी

सही, म्हणजे दागिने विकणाऱ्या पेढीचे कोरलेले नाव, असलेले जुने दागिने जमवायचे असल्यास प्रथम एक पेढी किंवा एक काळ निवडावा आणि निदान सुरुवातीला त्याच्या बाहेर जाऊ नये. दहापट भिंग, काटा आणि दिवसाचा उजेड जवळ असेलच, असे मी गृहीत धरतो. इंदूरच्या सराफ्यात दुकाने मिटू लागून खाऊच्या गाड्या लागण्याच्या वेळी, पिवळ्या दिव्याखाली कोणताही व्यवहार ठरवू नये.

येथे विलायती दागिना दाखवला गेला की पाठोपाठ होळकरांचे नाव येतेच. त्याला आधार आहे, कारण इंदूरच्या तिसऱ्या तुकोजीरावांनी पहिल्या महायुद्धाआधी पॅरिसच्या शोमे पेढीकडून नासपतीच्या आकाराचे दोन मोठे हिरे घेतले होते, आणि पुढे त्यांचे पुत्र यशवंतराव यांच्यासाठी मोबूसाँ या पेढीने काम केले. तथापि पावती, पेटी किंवा जुने छायाचित्र नसेल, तर राजवाड्याच्या कथेसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. तसेच ठुशी, चिंचपेटी किंवा वजरटीक यांवर विलायती सही आढळल्यास तेथेच थांबावे; आपल्या कारागिरांनी असे दागिने सहसा सहीविनाच घडवले.

आता खरा अवघड टप्पा. सही शोधून मग दागिना पाहावा, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे, कारण नाव वाचल्यावर डोळा दोष पाहीनासा होतो. प्रथम दागिना उलटा करून त्याची पाठ पाहावी. चांगल्या पेढीच्या कामात खड्यामागची भोके, जाळी आणि कोंदणाच्या कडा समोरच्या बाजूइतक्याच निगुतीने साफ केलेल्या असतात. पाठ ओबडधोबड असेल, तर सही कोणाचीही असो, मी तो दागिना परत ठेवतो.

मग सहीचे अक्षर भिंगाखाली धरावे. दागिना वापरला गेला असेल, तर त्याचे बारीक ओरखडे अक्षरांवरूनही गेलेले असतात आणि अक्षरांच्या कडा किंचित बोथटलेल्या असतात. ओरखडे जुने, पण अक्षरे त्यांना छेदून ताजी आणि धारदार उमटलेली असतील, तर सही मागाहून घातलेली आहे. सही स्वतंत्र पट्टीवर असेल, तर पट्टीभोवती डाखाची (जोडकामाची) रेघ किंवा सोन्याच्या रंगातील फरक शोधावा. गळ्यातल्या दागिन्यात सही फक्त हुकावर असेल, तर विशेष सावध राहावे. खरा हुक आणि नवी माळ ही जोडी मी बाजारात वारंवार पाहिली आहे, आणि तशा वेळी किंमत हुकाचीच द्यावी.

यानंतर सरकारी ठसे काळाशी जुळवावेत. फ्रान्समध्ये गरुडाचे डोके हा सोन्याचा ठसा 1838 पासून आणि कुत्र्याचे डोके हा प्लॅटिनमचा ठसा 1912 पासून आहे, त्यामुळे ‘1905 चा’ म्हणून दाखवलेल्या ब्रोचवर कुत्र्याचे डोके दिसले तर विक्रेत्याचे वर्ष तरी चुकले आहे किंवा ठसा मागाहूनचा आहे. फ्रेंच दागिन्यावर समभुज चौकटीत ठसवलेली आद्याक्षरे पेढीच्या नावाशी जुळत नाहीत म्हणून दागिना खोटा ठरवणारे जाणकार मला भेटतात. ती आद्याक्षरे प्रत्यक्ष घडवणाऱ्या कारखान्याची असतात. पॅरिसच्या कार्तिए पेढीसाठी आँरी पिकच्या कारखान्यात घडलेल्या दागिन्यांवर पिकची आद्याक्षरे आढळतात. ब्रिटिश दागिन्यावर लंडनचे बिबट्याचे डोके किंवा बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, आणि असल्यास वर्ष दर्शवणारे अक्षर पाहावे.

विकत घेतल्यावर पॉलिश करू नये, आणि सराफाला तसे आधीच बजावून सांगावे. आपल्याकडे दागिना चकचकीत करून देणे हा सौजन्याचा भाग समजला जातो, पण प्रत्येक पॉलिशबरोबर ठसा झिजतो.

शेवटी सही, दागिन्यावर कोरलेला पेढीचा क्रमांक आणि ठसे यांची जवळून काढलेली छायाचित्रे व पावती एकत्र ठेवावी. जुन्या नोंदींशी क्रमांक पडताळायचा असेल, तर पेढीला दागिना नव्हे, छायाचित्रेच पाठवावीत, कारण शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी दागिने जमवणाऱ्यांनी हे खरेदीआधीच लक्षात घ्यावे.