उसाच्या गाडीचा बैल आणि ठाण्यातला अर्ज

मार्च महिना, दुपारचा एक. ओढ्यावरच्या पुलाचा चढ, उसाने भरलेली टायरगाडी आणि डावीकडचा बैल गुडघ्यावर बसलेला. सात-आठ मोबाइल वर झालेले, एक जण गाडीवानाला आईवरून शिव्या देतोय. सांगली जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी 29 वर्षं नोकरी केली. हे दृश्य दर गाळप हंगामात पाहिलं. त्यातला एकही व्हिडिओ ठाण्यात कामाला आलेला मला आठवत नाही. सगळ्यांत गाडीवानाचं तोंड असतं, बैलाचा खांदा कुणी काढत नाही.

तर आधी शिव्या बंद करा. चाकाला दगड लावा आणि मगच जू सोडा. उलट केलंत तर चढावर गाडी मागं येते. बैलाला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, प्यायला थोडं थोडं द्या. 1962 या टोल फ्री नंबरवर पशुसंवर्धन खात्याची फिरती गाडी मागवा. एवढं झालं की पुराव्याकडे वळा.

जू टेकतं तिथं हात ठेवा. ताजी खांदेसूज हाताला गरम लागते आणि दाबलं की बैल मान चोरतो. जुनी असेल तर टणक गाठ झालेली असते, वरचे केस गेलेले, मधोमध चिरलेलं आणि चिरेत माश्या. तिचा फोटो जवळून काढा, शेजारी एक नाणं धरा, आकार कळतो. मग पुठ्ठ्यावर, म्हणजे बैलाच्या मागच्या अंगावर, केसांच्या उलट दिशेनं तळवा फिरवा. ज्वारीच्या दाण्याएवढ्या खपल्या लागल्या की समजा, पराणीला, म्हणजे हाकायच्या काठीला, आर (टोकाचा खिळा) आहे. पराणी हिसकावू नका, टोकाचा फोटो घ्या. ओझं ओढणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे 1965 चे नियम आहेत. त्यांत टोकदार काठीला मनाई आहे. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचंच नाही. आमच्याकडे मार्च-एप्रिलात हा नियम रोज मोडतो, म्हणून वेळ आणि त्या दिवसाचं तापमान तिथंच लिहून ठेवा.

(शर्यतीच्या बैलाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला, 18 मे 2023 ला शर्यतींच्या बाजूनं निकाल लागला, गावोगाव गुलाल उधळला. उसाच्या बैलासाठी एवढं कोण भांडणार?)

माझा पहिला अर्ज कसा फसला ते सांगतो. मी लिहिलं होतं, ‘क्षमतेपेक्षा जास्त ऊस भरलेला होता.’ ठाणे अंमलदारांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “किती भरला होता? तुम्ही मोजला का?” मी गप्प. गाडी शेवटी कारखान्याच्या काट्यावरच जाते, तिथं वजन आणि वेळेची नोंद होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता मी अर्जात काट्याची नोंद मागवावी असं लिहितो. गाडी अजून रस्त्यावर असेल, तर कॉन्स्टेबलच्या वरच्या हुद्द्याचा पोलीस अधिकारी ती वजनकाट्यावर न्यायला लावू शकतो.

दुसरा कागद दवाखान्याचा. पशुधन विकास अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र त्याच दिवशी घ्या आणि त्यात ‘खांद्यावर जखम’ एवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांना पटत असेल तर ‘कामास अयोग्य’ हे शब्द येऊ द्या. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये मारहाण आणि जादा ओझं एका खंडात आहे. आजारी, जखमी, म्हणजे अयोग्य जनावर कामाला लावणं दुसऱ्या खंडात. तो खंड या दोन शब्दांवर उभा राहतो.

अर्ज एका पानाचा करा. तारीख, वेळ, जागा, गाडीची ओळख, काय पाहिलं, सोबत काय जोडलंय. ‘अमानुष’, ‘राक्षसी’ असली विशेषणं गाळा. कलम 11 बरोबर 1965 चे नियम मोडल्याचं वेगळं लिहा. कारण कलम 11 चा पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही 10 ते 50 रुपये आहे, वडापावचे पैसे. नियम मोडल्यास 100 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

ठाण्यात बहुधा एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतील. त्यावर भांडू नका, हा गुन्हा अदखलपात्रच आहे आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. तुम्ही स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकता. पण जनावर मुद्दाम ठार मारलं किंवा कायमचं जायबंदी केलं असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथं एफआयआरचाच आग्रह धरा. घेत नसतील तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा.

बैल जप्त करा, असं मात्र सरसकट लिहू नका. गाडीवान बीडकडचा, मजूर आणणाऱ्या मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर, बायको-पोरं फडात. जोडीतला एक बैल गेला की त्याचा हंगाम बुडाला आणि कर्ज पुढच्या वर्षावर गेलं. बैल बरा होईपर्यंत जुंपू नये आणि त्याच्यावर उपचार व्हावेत, एवढं मी मागतो. अर्जाची प्रत कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना देतो. जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीचे ते अध्यक्ष असतात. सोबतच्या पत्रात दोनच मागण्या: दुपारी बारा ते तीन भरलेल्या गाड्या रस्त्यावर आणू नयेत आणि गाडी अड्ड्यावर पाण्याची टाकी ठेवावी. एका ठिकाणी तिसऱ्या पत्रानंतर टाकी आली. पत्राला उत्तर काही आलं नाही.

प्रत्येक प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. या कायद्याखालच्या गुन्ह्यासाठी मुदत तीन महिन्यांचीच आहे. घटना 10 मार्चची असेल, तर जूनची वाट बघू नका. एप्रिल संपायच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढं अर्ज ठेवा, कारण मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागते.