रॉक गाण्यांतला दडलेला अर्थ शोधताय? या चुका टाळा

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी पाच-सहा पोरंपोरी जमतात. कुणी इंजिनीअरिंगला आहे, कुणी नुकतंच मिहानमध्ये नोकरीला लागलंय. आधी तर्री-पोहे होतात. मग एक रॉक गाणं लावायचं, मोबाइल बाजूला ठेवून ऐकायचं आणि त्यात नेमकं काय म्हटलंय यावर बोलायचं, एवढाच कार्यक्रम. इतक्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. अर्थ शोधताना नवा माणूस जिथं अडखळतो, त्या जागा जवळपास ठरलेल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मीही अडखळलोय, म्हणून हे लिहितोय.

शब्द नीट ऐकण्याआधीच अर्थ लावणं

ही सगळ्यात साधी चूक आणि सगळ्यात जास्त होणारी. जिमी हेंड्रिक्सच्या ‘पर्पल हेझ’मध्ये गायक आकाशाचं चुंबन घेऊ पाहतो. असंख्य लोकांना तिथं ‘या माणसाचं चुंबन’ ऐकू आलं आणि त्यावरून हेंड्रिक्सच्या खासगी आयुष्याबद्दल तर्क सुरू झाले. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलच्या ‘बॅड मून रायझिंग’मध्ये अशुभ चंद्र उगवतोय, पण कित्येकांना ‘उजवीकडं बाथरूम आहे’ असं ऐकू येतं. पुढं गायक जॉन फोगर्टीच कार्यक्रमांत कधीकधी मुद्दाम ती चुकीची ओळ म्हणू लागला.

या चुकीची मजल कुठवर जाते? किंग्जमेन या बँडनं १९६३ मध्ये ‘लुई लुई’ ध्वनिमुद्रित केलं. गायकाचे उच्चार इतके अस्पष्ट होते की त्यात अश्लील शब्द लपलेत अशी हाकाटी झाली. तक्रारी थेट एफबीआयपर्यंत गेल्या. त्यांनी रेकॉर्ड वेगवेगळ्या वेगांत वाजवून पाहिली आणि शेवटी ‘कोणत्याही वेगात शब्द कळत नाहीत’ असा निष्कर्ष काढला. मूळ गाणं रिचर्ड बेरीचं होतं आणि त्यात आपल्या प्रेयसीकडं परत निघालेला एक खलाशी आपली हकिगत सांगतो. एवढंच.

उपाय सोपा आहे. आधी स्वतः ऐकून शब्द कागदावर उतरवा. मग अल्बमसोबत छापून आलेले शब्द मिळत असतील तर त्यांच्याशी पडताळा. इंटरनेटवरचे शब्द बहुतेक वेळा कुणीतरी चाहत्यानंच कानानं टिपलेले असतात, त्यामुळं एकाच ठिकाणावर विसंबू नका. आमच्याकडं शब्द जुळल्याशिवाय अर्थावर बोलायला बंदी आहे.

वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेणं

या चुकीवर मला जरा जास्त थांबायचंय, कारण इंग्रजी पुस्तकातून शिकलेल्या आपल्यासारख्यांना ती हमखास भोवते.

आर.ई.एम. या बँडचं ‘लूझिंग माय रिलिजन’ १९९१ मध्ये आलं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत ते सगळ्यांना पाठ होतं, आणि श्रद्धा गमावलेल्या माणसाचं ते गाणं आहे यावर आमचं एकमत होतं. मी तर गॅदरिंगमध्ये ते म्हणण्याआधी दोन मिनिटं देव आणि संशय यावर बोललोही होतो. खूप वर्षांनी कळलं की अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या बोलीत ‘धर्म गमावणं’ म्हणजे संयम सुटणं, सहनशक्ती संपणं. बँड जॉर्जियातल्या अथेन्स या गावचा, म्हणजे त्याच मुलखातला. त्याचा गायक मायकेल स्टाइपनं स्वतः सांगितलंय की हे एकतर्फी ओढीचं गाणं आहे. समोरच्याला आपल्या मनातलं कळलं की नाही, आपण जास्त बोलून गेलो की कमीच बोललो, या घालमेलीत अडकलेला माणूस. हे कळल्यावर शब्द पुन्हा वाचा, एकेक ओळ जागेवर बसते. आमची दिशाभूल व्हायला आणखी एक कारण होतं. जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंगनं केलेला त्याचा व्हिडिओ धार्मिक चित्रांची आठवण करून देणाऱ्या दृश्यांनी भरलेला आहे. व्हिडिओ ही दिग्दर्शकाची वेगळी कलाकृती असते. तिच्यावरून शब्दांचा अर्थ ठरवू नये.

शब्द आपल्या मातीतून उपटला की काय होतं हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महालात उभं राहा. काळी आणि पिवळी मारबत निघते, बडग्यांचे पुतळे निघतात, गर्दी ओरडते, ‘इडा पिडा घेऊन जाय गे मारबत!’ बाहेरगावच्या माणसाला यातलं काय कळेल? बडग्याच्या गळ्यातली पाटी तर त्या वर्षीच्या महागाईवर नाहीतर भ्रष्टाचारावर असते. वर्ष माहीत नसेल तर पाटीचा अर्थ लागत नाही.

आता बीटल्सचं १९६८ मधलं ‘हेल्टर स्केल्टर’ घ्या. ब्रिटनमधल्या जत्रेत एक उंच मनोरा असतो, त्याच्या भोवतीनं गोल गोल फिरत खाली येणारी घसरगुंडी असते. तिला हेल्टर स्केल्टर म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स मॅन्सननं त्याच शब्दांत येऊ घातलेल्या वंशयुद्धाचा संदेश वाचला. ऑगस्ट १९६९ मध्ये त्याच्या अनुयायांनी लॉस एंजेलिसमध्ये खून पाडले, एका ठिकाणी रक्तानं तेच शब्द लिहिले. मॅन्सनचं वेड नुसत्या एका शब्दानं घडलं नव्हतं हे खरंच आहे. पण गाण्यात आपल्याला हवं तेच वाचण्याचं इतकं भयानक उदाहरण दुसरं नाही.

म्हणून ओळ विचित्र वाटली की ‘इथं काय दडलंय’ हे विचारण्याआधी ‘त्या गावात असं म्हणतात का’ हे विचारा.

चाल ऐकून भाव ठरवणं

एका मित्राच्या रिसेप्शनला, वर्धा रोडवरच्या एका लॉनवर, मी गिटार घेऊन ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ म्हटलं होतं. नवरा-नवरी हातात हात घालून उभे होते. चाल किती मऊ आहे! पण शब्द काय म्हणतात? तुझा प्रत्येक श्वास, प्रत्येक पाऊल, मी पाहत राहीन. सोडून गेलेल्या बाईवर पाळत ठेवणारा माणूस बोलतोय. पोलीस या बँडचं हे १९८३ मधलं गाणं. ते मत्सर आणि मालकीहक्काबद्दल आहे, असं त्यांचा गायक स्टिंगनं अनेकदा सांगितलंय. त्या रात्री मला कुणी टोकलं नाही, कारण ऐकणाऱ्यांतही कुणी शब्दांकडं लक्ष देत नव्हतं.

‘बॉर्न इन द यूएसए’चंही तेच. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९८४ मधल्या त्या गाण्याचं धृपद मुठी आवळून म्हणावं असं आहे, म्हणून ते देशभक्तीचं गाणं समजलं गेलं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यूजर्सीतल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचं कौतुकही केलं. कडव्यांत मात्र व्हिएतनामहून परतलेला एक जवान आहे, ज्याला काम मिळत नाही आणि ज्याचा भाऊ तिकडंच मेला.

यावर आम्ही एक युक्ती करतो. संगीत बंद करायचं आणि एकानं कडवी बातमी वाचल्यासारखी, सपाट आवाजात वाचायची. धृपद सगळ्यात शेवटी. मग पुन्हा गाणं लावायचं. चाल आणि शब्द एकमेकांच्या विरुद्ध जात असतील तर तो बेबनाव कवीनं जाणूनबुजून ठेवलाय का, हा पुढचा प्रश्न. बहुतेक वेळा खरा दडलेला अर्थ तिथंच सापडतो.

गाण्यातला ‘मी’ म्हणजे गायक समजणं

यावर फार बोलायला नको. एकनाथ महाराज भारुडात जोशी होतात, गोंधळी होतात, विंचू चावलेला माणूस होतात. म्हणून कुणी पैठणला नाथांच्या घरी विंचू शोधत नाही. रॉकमधल्या गायकाला तेवढीच मोकळीक द्या.

सगळ्याचं खापर नशेवर फोडणं

‘काका, हे गांजाचंच गाणं आहे,’ हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. बीटल्सच्या १९६७ मधल्या ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’च्या नावातली आद्याक्षरं जुळवली की एलएसडी, म्हणजे एका नशेच्या द्रव्याचं नाव होतं. गाणं लिहिणाऱ्या जॉन लेननचं म्हणणं शेवटपर्यंत वेगळं होतं. त्याचा लहानगा मुलगा ज्युलियन शाळेतून एक चित्र घेऊन आला आणि वर्गातली लूसी हिऱ्यांसकट आकाशात आहे असं त्यानं सांगितलं. गाण्यातल्या अद्भुत प्रतिमा लुईस कॅरोलच्या अ‍ॅलिसच्या गोष्टीतून आल्या. त्या काळात बीटल्स एलएसडी घेत होते आणि त्याची सावली गाण्यांवर पडली, हेही खरं. माझा आक्षेप वेगळाच आहे. ‘नशा’ म्हटलं की पोरं थांबतात, मग होडी, संत्र्यांची झाडं, मुरंब्याचं आकाश यांच्याकडं कुणी पाहत नाही. संत्र्यांच्या गावात राहून तरी त्या झाडांपाशी थोडं थांबावं.

उलट चूकही होते. क्रॅनबेरीज बँडचं ‘झॉम्बी’ भुताखेतांचं समजून सोडून दिलं जातं. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेच्या बॉम्बस्फोटांत दोन लहान मुलं गेली. बँडची गायिका डोलोरेस ओरिऑर्डननं ते गाणं त्या संतापातून लिहिलं. त्यात १९१६ सालचा उल्लेख येतो, तो ब्रिटिशांविरुद्धच्या डब्लिनच्या उठावाचा. गाण्यात साल आलं की आधी ते शोधा.

उलटं वाजवणं आणि ऐकीव गोष्टी

मध्यंतरी एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. लेड झेपलिन बँडचं ‘स्टेअरवे टू हेवन’ उलटं वाजवलं की सैतानाची प्रार्थना ऐकू येते, हे त्याला दाखवायचं होतं. हा आरोप जुना आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या समितीपुढंही ते गाणं उलटं वाजवलं गेलं होतं. मी त्याला म्हटलं, काय ऐकू येणार ते आधी सांगू नको. वाजवलं. चौघांना चार वेगळ्या गोष्टी ऐकू आल्या, दोघांना काहीच नाही. मग त्यानं अपेक्षित ओळी पडद्यावर दाखवल्या आणि तोच तुकडा पुन्हा लावला. आता सगळ्यांना अगदी तेच शब्द ऐकू आले, मलासुद्धा. मेंदूला नमुना दिला की तो आवाजातून तो नमुना काढून देतो. घरी करून पाहा, फक्त शब्द आधी दाखवू नका.

यावर खटलाही झालाय. नेवाडात दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या. ज्युडास प्रीस्ट या बँडच्या गाण्यात लपलेल्या संदेशामुळं हे घडलं असा कुटुंबीयांचा दावा होता. १९९० मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. ऐकू येणारा शब्द श्वास आणि गिटार यांच्या आवाजांतून योगायोगानं तयार झालाय, असं त्यांचं म्हणणं होतं.

दंतकथांचंही असंच. गायक फिल कॉलिन्सनं कुणालातरी बुडताना पाहिलं आणि न वाचवणाऱ्या माणसावर ‘इन द एअर टुनाइट’ लिहिलं, ही गोष्ट मी दहा जणांकडून ऐकली. ते गाणं त्याच्या मोडलेल्या लग्नाच्या दिवसांतलं आहे. गोष्ट फारच चित्रपटासारखी वाटली की गायकाची स्वतःची मुलाखत शोधा.

आणि काही गाण्यांत काहीच लपलेलं नसतं. डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ ही सरळ बातमी आहे. ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रूचा कॅसिनो जळाला आणि जिनिव्हा सरोवरावर धूर पसरला, तो बँडनं पाहिला. खणत बसू नका.

कवीनं सांगितलं की संपलं, असं समजणं

आतापर्यंत मी पुन्हा पुन्हा गायकाच्या खुलाशाकडं बोट दाखवलं. पण त्यालाही मर्यादा आहे. ‘समर ऑफ सिक्स्टीनाइन’ दोघांनी मिळून लिहिलं. जिम व्हॅलन्स म्हणतो की ते १९६९ सालाबद्दल आहे. ब्रायन अ‍ॅडम्स म्हणतो की त्या आकड्यात शृंगारिक अर्थ आहे, त्या उन्हाळ्यात तो अवघा ९ वर्षांचा होता. कुणाचं मानायचं? आपल्या जुन्या शाळेत बीटल्सच्या ओळींचं विश्लेषण शिकवतात हे कळल्यावर लेननला गंमत वाटली. मग विश्लेषकांची दमछाक व्हावी म्हणून त्यानं ‘आय अ‍ॅम द वॉलरस’मध्ये मुद्दाम असंबद्ध प्रतिमा घातल्या. तरी त्या गाण्यातली बेचैनी आपल्याला जाणवतेच.

कवी ग्रेस याच शहरात राहिले, इथंच शिकवलं. त्यांच्यावर दुर्बोधतेचा शिक्का बसला, तरी ‘भय इथले संपत नाही’ ऐकताना कुणाला आधी शब्दकोश लागत नाही. अर्थ पूर्ण हाती आला नाही तरी कविता आपल्याजवळ राहू शकते, हे नागपूरच्या वाचकाला रॉककडं येण्याआधीपासून ठाऊक आहे.

अशा गाण्यांसाठी आम्ही एक वही ठेवलीय. डावीकडं ‘गाण्यात आहे’, उजवीकडं ‘मला वाटतं’. उजवीकडच्या प्रत्येक वाक्यासमोर डावीकडची एक तरी ओळ दाखवता आली पाहिजे, नाहीतर ते खोडायचं. गेल्या महिन्यात क्वीन बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चं पान सुरू झालं. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या, क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीनं १९७५ मधल्या या गाण्याचा अर्थ कधी फोडून सांगितला नाही. उजवीकडं त्याचं खासगी आयुष्य, त्याचं पारशी घर, सुटलेला देश असं बरंच काही लिहून झालं. डावीकडं आईपुढं दिलेली खुनाची कबुली आहे, स्कारामूश, गॅलिलिओ, फिगारो आणि बिस्मिल्ला आहे, एका पोराला सोडा-सोडू नकाची ओढाताण आहे आणि शेवटी वाहणारा वारा आहे. उजवीकडच्या तीन ओळी खोडून झाल्यात. बाकीच्यांवर पुढच्या रविवारी बोलायचंय.