ओपन सोर्स प्रकल्पाची साइट नवी करताय? या चुका टाळा

दर काही महिन्यांनी कुणीतरी उत्साही भिडू येतो आणि म्हणतो, "आपली साइट २००५ सालची वाटते. या शनिवार-रविवारी मी नवी करून देतो." रविवारी रात्री साइट खरंच नवी दिसते. सोमवारपासून मी तुटलेल्या लिंका शोधत बसतो.

जुने पत्ते मोडणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि एकदा मीही त्यात सामील होतो. आमच्या प्रकल्पाचा जुना विकी बंद करून आम्ही ह्यूगोवर (साध्या मजकूर-फाइलींमधून साइट बनवणारं साधन) साइट आणली. इन्स्टॉलेशनच्या लांबलचक पानाची सहा सुटसुटीत पानं केली, पत्ते छोटे केले, एकमेकांची पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी तक्रारी सुरू झाल्या.

झालं होतं असं : आमच्या प्रोग्रामला सर्व्हर सापडला नाही की तो टर्मिनलवर 'मदतीसाठी हे पान पाहा' असं छापून पुढे विकीचा पत्ता द्यायचा. तो पत्ता थेट कोडमध्ये लिहिलेला. आम्ही तो लगेच बदलला, पण फक्त पुढच्या आवृत्तीत. डेबियन स्टेबल आणि उबुंटू एलटीएस या लिनक्सच्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या आवृत्त्या; त्यांत आधीच गेलेल्या आमच्या आवृत्तीचं काय? एलटीएसला पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळतात, आणि लोक तेवढी वर्षं ती वापरतातही. म्हणजे जो माणूस आधीच अडलाय, नेमका त्यालाच आम्ही ४०४ ('पान सापडलं नाही') दाखवत होतो.

मग घाईघाईने ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला सर्व्हरनेच नव्यावर पाठवणं) लावले आणि दुसरा खड्डा लागला. पत्त्यातला # नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. त्यामुळे 'इन्स्टॉल#प्रॉक्सी' आणि 'इन्स्टॉल#विंडोज' हे दोन्ही पत्ते सर्व्हरला सारखेच दिसतात. एका पानाची सहा केल्यावर कुणाला कुठे पाठवायचं, हे त्याला कळणार कसं? शेवटी जुन्या पत्त्यावर एक साधं पान ठेवलं : जुनेच मथळे, # नंतर येणारे त्यांचे जुनेच आयडी, आणि प्रत्येकाखाली नव्या पानाची लिंक. दिसायला गावंढळ, पण अजून चालू आहे.

आता माझी सवय अशी. डिझाइनला हात लावण्याआधी सर्व्हरचा वर्षभराचा लॉग काढतो आणि कोणत्या पत्त्यावर किती लोक येतात ते मोजतो. मग आपल्याच कोडमध्ये, मॅन पेजमध्ये (टर्मिनलवरचं मदतपान) आणि रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणारी फाइल) डोमेनचं नाव ग्रेप करतो, म्हणजे शोधतो. जी यादी निघते, तिच्यातला प्रत्येक पत्ता नव्या साइटवर कुठेतरी पोचलाच पाहिजे. कंटाळवाणं काम आहे, दोन संध्याकाळी जातात. ज्याला तेवढा धीर नाही त्याने थीम निवडत बसू नये. गिटहब पेजेसवर (गिटहबची साइट ठेवण्याची सोय) जाणार असाल तर आधीच ऐका : तिथे सर्व्हरवर स्वतःचे ३०१ लिहिता येत नाहीत, मेटा रिफ्रेशवर, म्हणजे पानातच 'तिकडे जा' लिहिण्यावर, भागवावं लागतं. चांगले पत्ते बदलत नसतात, हे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली १९९८ मध्येच सांगून बसलेत, ऐकतो कोण!

भाषांतरकारांना न विचारता फॉरमॅट बदलणे

इथे माझा वैयक्तिक राग आहे, कारण मी मराठी भाषांतर करत होतो. डॉक्युमेंटेशन स्फिंक्स या साधनात होतं, भाषांतर गेटटेक्स्टच्या पीओ फाइलींमध्ये : मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याखाली मराठी. एका भल्या माणसाने सगळं आरएसटीमधून मार्कडाउनमध्ये (दोन्ही साध्या मजकुरात मांडणी लिहिण्याच्या पद्धती) नेलं. आरएसटीत कोडभोवती दोन-दोन बॅकटिक (`) लागतात, मार्कडाउनमध्ये एकेक पुरतो. एवढाच फरक! पण गेटटेक्स्टच्या लेखी मूळ इंग्रजी वाक्यच बदललं, म्हणून कमांडचं नाव असलेलं आमचं प्रत्येक वाक्य 'फझी', म्हणजे पुन्हा तपासायचं, ठरलं. फझी वाक्य छापलं जात नाही, त्या जागी इंग्रजी येतं. चार महिन्यांची मेहनत एका कमिटमध्ये (नोंदवलेल्या एका बदलात) अर्धी इंग्रजी झाली. आणि वर विचारणा, "मराठी अपूर्ण का दिसतंय?"

फॉरमॅट बदलायचाच असेल तर पीओ फाइलींवरही तोच बदल करणारी छोटी स्क्रिप्ट आधी लिहा. मी ती नंतर लिहिली. साठ ओळींची होती.

बाकीच्या, पटकन

डोमेन एकाच माणसाच्या खात्यावर आणि त्याच्याच कार्डावर ठेवणे. तो नोकरी बदलतो, ईमेल बंद होतो, नूतनीकरणाची आठवण कुणालाच येत नाही. किमान दोघांकडे चावी हवी.

मुखपृष्ठावर भलंमोठं घोषवाक्य, आणि प्रोग्राम नक्की करतो काय हे तीन स्क्रोलनंतर.

'कर्ल करून थेट सुडो बॅशला द्या', म्हणजे नेटवरून उतरवलेली स्क्रिप्ट न वाचता पूर्ण अधिकाराने चालवा, हीच इन्स्टॉल करण्याची पहिली पद्धत म्हणून देणे. सोपं आहे, मान्य. माझ्या मशीनवर मी करत नाही.

जुन्या आवृत्तीच्या पानावर 'हे जुनं आहे' अशी पट्टी नसणे. गूगल लोकांना तिथेच आणून सोडतं.

एआयकडून डॉक्युमेंटेशन लिहून घेणे आणि कमांड चालवून न पाहणे. अस्तित्वात नसलेला फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) फार आत्मविश्वासाने लिहिलेला असतो. मी प्रत्येक पानावरच्या कमांड कोऱ्या कंटेनरमध्ये (मशीनवरच्या वेगळ्या, रिकाम्या लिनक्समध्ये) हाताने टाकून बघतो. न चालणारी कमांड दिसली की पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) तिथेच थांबते, मग पाठवणारा कितीही जुना मित्र असो.

डार्क मोड? करा की. सगळ्यात शेवटी.