जुन्या मोटारींच्या चित्रमय जाहिराती जमवताय? या चुका टाळा

फोटो छापण्याची सोय असतानाही अमेरिकेतल्या मोटार कंपन्या कित्येक दशकं जाहिरातींसाठी गाड्या चित्रकारांकडून रंगवून घेत. गाडी आहे त्याहून देखणी दिसावी, हाच हेतू. या जाहिरातींची सगळी गोडी त्या अतिशयोक्तीत आहे. संग्राहकांच्या बऱ्याच चुका होतात त्या मात्र चित्राला फोटो आणि छापील पानाला नुसतं चित्र समजल्यामुळे.

जाहिरात बघून गाडीचा रंग ठरवणं

जुनी गाडी पुन्हा उभी करणारे हौशी लोक पेंटरसमोर जाहिरातच ठेवतात. पुढे 'चित्रातला रंग गाडीवर उतरत नाही' अशी तक्रार येते. तो उतरणारच नाही.

पॉन्टियॅक या अमेरिकी गाड्यांचंच उदाहरण घ्या. १९५९ ते १९७१ या मॉडेलांच्या जाहिराती आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन या जोडीनं रंगवल्या. गाडी फिट्झपॅट्रिक काढायचे, माणसं आणि पार्श्वभूमी कॉफमन. सही दोघांच्या आद्याक्षरांची. १९५९ च्या गाडीत डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवून पॉन्टियॅकनं तिला 'वाइड-ट्रॅक' म्हणून बाजारात आणलं होतं, तेव्हा ती रुंदी कागदावर ठसवणं हे चित्रकारांचं काम. यातलं एखादं पान भिंगाखाली धरा. दुरून एकरंगी वाटणारा पत्रा जवळून पाहिला की बॉनेटवर आभाळ उतरलेलं असतं, दाराच्या खालच्या भागात जमिनीची छटा असते आणि क्रोमच्या बंपरमध्ये तर आसपासचं सगळं वाकून आलेलं असतं. यातली कोणती छटा पेंटरला दाखवणार? त्यात छपाई चार शाईंची आणि कागद पिवळा पडलेला. रंगासाठी कंपनीचं त्या वर्षाचं रंगपत्रक किंवा बॉडीवरच्या पट्टीवरचा रंगाचा कोड बघा. लांबी-रुंदीचंही तेच. अनेक चित्रकार गाडी ताणून काढत आणि आतली माणसं मुद्दाम लहान ठेवत. मापं चित्रावरून घेऊ नका.

गाडी कापून मजकूर फेकणं

ही चूक बघून मला खरंच वाईट वाटतं. १९२३ मध्ये जॉर्डन कंपनीच्या 'प्लेबॉय' गाडीची जाहिरात आली, 'समव्हेअर वेस्ट ऑफ लॅरमी'. चित्रात घोडेस्वाराशी शर्यत लावणारी गाडी. मजकुरात इंजिनाचा पत्ता नाही. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या लॅरमी गावाच्या पश्चिमेला कुठेतरी राहणारी, घोड्यावर मांड ठोकणारी एक मुलगी आहे आणि भरधाव सुटण्याची ओढ आहे. कंपनीचे मालक नेड जॉर्डन यांनीच तो लिहिला. नुसतं चित्र कापून घेतलंत तर या जाहिरातीत उरलं काय?

समास कापणंही टाळा. मासिकाचं नाव आणि तारीख बहुतेक वेळा पानाच्या कडेलाच असते. ती नसेल तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं नोंद करा, बॉलपेन नको. तारीख आणि मॉडेलचं वर्ष जुळत नाही म्हणून घाबरू नका. अमेरिकेत नवं मॉडेल साधारण आदल्या शरद ऋतूतच येई, त्यामुळे १९५९ च्या गाडीची जाहिरात १९५८ च्या अंकात सापडणं अगदी रास्त आहे.

नक्कल अस्सल समजून घेणं

आधी पान उलटून बघा. मासिकाच्या पानामागे अर्धवट गोष्ट किंवा दुसरी जाहिरात असते. मागची बाजू कोरी असेल तर शंका घ्या. मग दहापट भिंग लावा. जुन्या छपाईत ठिपके ठरावीक जाळीत बसलेले दिसतात, इंकजेट प्रिंटमध्ये कण विस्कटलेले असतात. १९२०-३० च्या दशकातलं म्हणून विकलं जाणारं पान नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली निळसर चमकलं, तर घेऊ नका. तशी चमक आणणारी द्रव्यं कागदात सर्रास आली ती त्यानंतर. साठच्या दशकातल्या पानांना ही कसोटी लागू नाही.

लॅमिनेशन, सेलोटेप, पीव्हीसीची पाकिटं

तिन्ही नकोत. लॅमिनेशन परत निघत नाही, सेलोटेपचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पडतो आणि पीव्हीसी कालांतरानं चिकट होऊन शाई ओढतं. पॉलिएस्टरचं पाकीट आणि मागे आम्लरहित पुठ्ठा, एवढं पुरे. आपल्याकडच्या जाहिरातींना जास्त जपावं लागतं. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली, पुढे कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना आला. त्या काळच्या वर्तमानपत्रांतली कात्रणं हलक्या कागदावरची असतात. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या द्रव्यामुळे ती उजेडात झपाट्यानं तांबूस होतात आणि घडीवर तुटतात. घडी उलगडून, सपाट आणि अंधारात ठेवा.

फ्रेममध्ये पान काचेला टेकवणं

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, तिथे फ्रेम टांगू नका. काच आणि पान यांच्यात माउंटचं, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीचं, अंतर हवंच. गुळगुळीत कागदावरचा लेप ओला झाला की गोंदासारखा चिकटतो. पान आधीच काचेला चिकटलं असेल तर ओढू नका, वाफही देऊ नका. काचेसकट कागदाच्या संवर्धकाकडे न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, चौकशी तिथून सुरू करता येईल.