व्हर्च्युअल डेस्कटॉपचे शॉर्टकट चालत नाहीत? आधी या चुका टाळा

मी सांगलीत छोट्या ऑफिसांचे, दुकानांचे कॉम्प्युटर बघतो, आणि गेल्या काही वर्षांत एक फोन इतक्या वेळा आलाय की समोरच्यानं पहिलं वाक्य संपवायच्या आत मला कळतं. "दादा, ते डेस्कटॉप बदलायचं बंद पडलंय." किंवा, "दादा, माझी विंडो गायब झाली." दहातल्या आठ वेळा काही बंद पडलेलं नसतं, पण फोन करायच्या आधी यांनी तीन व्हिडिओ बघितलेले असतात, एक कुठलं तरी सॉफ्टवेअर टाकलेलं असतं, आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, हात घातलेला असतो. मग मला आधी ते सगळं निस्तरावं लागतं आणि मूळ दुखणं शेवटी दोन मिनिटांत बरं होतं.

हे सगळं विंडोज १० आणि ११ बद्दल आहे, कारण बहुतेकांकडे तेच असतं. व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे एकाच स्क्रीनवर वेगवेगळ्या कामांच्या विंडो वेगवेगळ्या डेस्कटॉपवर ठेवायच्या आणि हवा तो समोर आणायचा; ही सोय विंडोज १० बरोबर २०१५ ला आली. लक्षात ठेवायचं एवढंच (विन म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली की): विन+कंट्रोल+डी दाबलं की नवा डेस्कटॉप, विन+कंट्रोल+डावा किंवा उजवा बाण दाबला की शेजारच्या डेस्कटॉपवर, विन+कंट्रोल+एफ४ दाबलं की चालू डेस्कटॉप बंद, आणि विन+टॅब दाबलं की सगळे डेस्कटॉप एका नजरेत.

विन की लागतेय का हे न बघता शॉर्टकटला दोष देणं

ही माझ्या डोक्यात जाणारी एक नंबरची चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो.

वरचे शॉर्टकट परत एकदा वाचा. सगळ्यांत विन आहे. ती विन की काही कारणानं लागलीच नाही तर खाली काय उरतं? कंट्रोल+डी. कंट्रोल+बाण. कंट्रोल+एफ४. या तिन्हींना स्वतःचा अर्थ आहे आणि त्यातले दोन घातक आहेत. कंट्रोल+एफ४ नं ब्राउझरचा टॅब बंद होतो. आणि एक्सेलमध्ये कंट्रोल+डी म्हणजे फिल डाउन, म्हणजे वरच्या सेलमधलं जे काही असेल ते खालच्या सेलमध्ये उतरतं, आधीचं पुसून, काही न विचारता.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात हे झालं. तिथले दिवाणजी माणूस एकदम पक्का, पंचवीस वर्षं वह्या लिहिलेल्या, एक्सेल पण नीट शिकून घेतलेलं. मीच त्यांना दोन डेस्कटॉपची सवय लावली होती, एकावर एक्सेलची शीट, दुसऱ्यावर बँक आणि मेल, म्हणजे काउंटरवर शेतकरी उभा असताना बँकेचं पान समोर दिसायला नको. एक दिवस त्यांचा फोन, "नवा डेस्कटॉप उघडत नाही, तीनचार वेळा दाबलं, काही होत नाही." मी म्हटलं संध्याकाळी येतो. संध्याकाळी गेलो तर दुकानात वेगळाच गोंधळ चाललेला, वजनाच्या पावत्या आणि शीट जुळत नव्हती. पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, काढायच्या आधी दिवाणजींनी सवयीनं बेरीज लावली म्हणून कळलं, नाहीतर चुकीची पट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली असती.

मी शीट बघितली. ओळीनं दोन शेतकरी, पोती वेगळी, भाव वेगळा, आणि वजन दोघांचंही ६४२ किलो. किलोला किलो. खाली आणखी दोन ठिकाणी तसंच. दिवाणजी म्हणाले असं होऊच शकत नाही, मी स्वतः पावती बघून टाकलंय. आणि ते खरंच बोलत होते, त्यांनी बरोबरच टाकलं होतं. वजन टाकून झाल्यावर सेल तिथेच असताना त्यांनी विन+कंट्रोल+डी दाबलं, विन लागली नाही, एक्सेलला फक्त कंट्रोल+डी पोचलं आणि वरच्याचं वजन खाली आलं. "काही होत नाही" म्हणून परत दुसऱ्या ओळीवर दाबलं, परत तेच. त्यांची नजर नवा डेस्कटॉप येतो का याच्यावर, सेलकडे कोण बघणार.

विन का लागत नव्हती? कीबोर्ड बदलला होता. जुन्याची बटणं अडकायला लागली म्हणून मालकांच्या मुलानं घरचा त्याचा गेमिंगचा कीबोर्ड आणून लावला होता. अशा कीबोर्डना विन लॉक असतं, गेम खेळताना चुकून स्टार्ट मेनू उघडू नये म्हणून, बहुतेक एफएन+विन दाबून चालू-बंद होतं किंवा कुलपाचं चित्र असलेलं बटण असतं. वर कोपऱ्यात एक बारीक दिवा लागलेला होता, कुणाचं लक्ष नाही. एफएन+विन दाबलं, दिवा विझला, डेस्कटॉप उघडला. वजनं मात्र पावत्यांवरून परत टाकायला रात्रीचे नऊ वाजले.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवलीय. शॉर्टकट चालत नाही म्हणता ना, मग त्याच्या ऐवजी काय झालं ते सांगा. ब्राउझरमध्ये बुकमार्कची चौकट उघडली किंवा कर्सर शब्दाशब्दानं उड्या मारायला लागला, म्हणजे विन पोचली नाही. विंडो अर्ध्या स्क्रीनला जाऊन चिकटली किंवा सगळ्या विंडो एकदम खाली गेल्या, म्हणजे विन पोचली पण कंट्रोल लागायचं राहिलं. नुसता स्टार्ट मेनू उघडला तर तुम्ही विन लवकर सोडली. "काहीच होत नाही" असं फार क्वचित असतं, काहीतरी होत असतं आणि आपण बघत नसतो. तरी शंका असेल तर स्टार्टमध्ये ऑन-स्क्रीन कीबोर्ड शोधून उघडा आणि खरा कीबोर्ड दाबा, जी की पोचते ती स्क्रीनवर उजळते. याला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

माझी स्वतःची सवय म्हणजे डाव्या हातानं कंट्रोल आणि विन आधी दाबून धरायचं, दोन्ही बसल्याची खात्री झाली की मगच उजव्या हातानं बाण. नवशिके तिन्ही बटणांवर एकदम थाप मारतात आणि मग चारातल्या एका वेळी चुकतं. आणि एक्सेल उघडं असताना नवा डेस्कटॉप शॉर्टकटनं बनवूच नका, विन+टॅब करून माउसनं बनवा. दोन सेकंद जास्त जातात, जाऊ देत.

आल्ट+टॅबमध्ये दिसली नाही म्हणजे विंडो बंद झाली असं समजणं

ही दुसरी. एका करसल्लागार ताईंचं ऑफिस, जुलै महिना, रिटर्नची घाई. "क्रोम आपोआप बंद होतंय, अर्धा भरलेला फॉर्म गेला." दुपारपासून दोनदा तोच फॉर्म पहिल्यापासून भरला होता त्यांनी. मी विन+टॅब दाबलं. तीन डेस्कटॉप, आणि तिसऱ्यावर क्रोमच्या दोन विंडो, दोन्हींत तोच फॉर्म अर्धा भरलेला.

झालं असं की विंडोजमध्ये मुळात आल्ट+टॅब फक्त चालू डेस्कटॉपवरच्या विंडो दाखवतं. टास्कबारचं पण तसंच. ताई कधीतरी बाण दाबून दुसऱ्या डेस्कटॉपवर आल्या, आल्ट+टॅब केलं, क्रोम दिसलं नाही, टास्कबारवर क्रोमवर क्लिक केलं तर नवीन कोरी विंडो उघडली. खात्री पटली की जुनी गेली.

हे सेटिंग एका जागी आहे: सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग, आणि त्यात डेस्कटॉप्स. तिथे दोन वेगळे पर्याय आहेत, एक टास्कबारसाठी, एक आल्ट+टॅबसाठी, आणि लोक नेमका एक बदलतात आणि दुसरा विसरतात. व्हिडिओवाले सरसकट सांगतात की दोन्ही "ऑन ऑल डेस्कटॉप्स" करा. मला ते पटत नाही. सगळंच सगळीकडे दिसायला लागलं तर वेगळे डेस्कटॉप केले कशाला? मी टास्कबारला सगळे डेस्कटॉप देतो आणि आल्ट+टॅब चालू डेस्कटॉपपुरतं ठेवतो. आल्ट+टॅबची यादी छोटी राहते, हातातल्या कामापुरती, आणि काय काय उघडं आहे ते खाली टास्कबारवर दिसत राहतं, त्यावर क्लिक केलं की विंडोज स्वतः त्या डेस्कटॉपवर घेऊन जातं. अगदीच नवीन माणूस असेल तर पहिले पंधरा दिवस दोन्ही सगळीकडे ठेवा, नंतर आल्ट+टॅब आवळा.

आणि डेस्कटॉप बंद केला तर त्यातल्या विंडो बंद होत नाहीत, शेजारच्या डेस्कटॉपवर जाऊन बसतात. त्यामुळे काहीही हरवलं असं वाटलं की पहिलं विन+टॅब. परत भरायला, परत उघडायला घेण्याच्या आधी. एवढं एक केलं असतं तर ताईंची दुपार वाचली असती.

बाकीच्या, पटापट

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी खास: आल्ट+टॅबमध्ये मागं जायला आल्ट+शिफ्ट+टॅब दाबतो आपण, आणि टॅब दाबायच्या आत बोट सुटलं तर डावं आल्ट+शिफ्ट म्हणजे विंडोजच्या लेखी भाषा बदला. मग इंग्रजी ईमेलमध्ये देवनागरी उमटायला लागते आणि लोक फाँट बिघडला म्हणून फोन करतात. भाषा बदलायला विन+स्पेस आहेच, आल्ट+शिफ्ट काढून टाका. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज (विंडोज १० मध्ये डिव्हायसेस), टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज, तिथे चेंज की सिक्वेन्समध्ये नॉट असाइन्ड. माझ्या हाताखालच्या प्रत्येक मशीनवर मी हे पहिल्या दिवशीच करतो.

स्क्रीन उलटी झाली? बाणाबरोबर विन+कंट्रोलच्या ऐवजी कंट्रोल+आल्ट दाबलं गेलं. इंटेलच्या ग्राफिक्सच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये त्यानं स्क्रीन फिरते. कंट्रोल+आल्ट+वरचा बाण दाबा, सरळ होईल. मॉनिटर उलटा धरून बसू नका, हे मी बघितलंय.

रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे आपल्या मशीनवरून दुसऱ्या मशीनवर, काम करत असाल आणि ते फुल स्क्रीन असेल तर विनचे शॉर्टकट पलीकडच्या मशीनला जातात, तुमच्या नाही. आधी कंट्रोल+आल्ट+ब्रेक दाबून फुल स्क्रीनमधून बाहेर या, मग डेस्कटॉप बदला. लॅपटॉपला ब्रेक की नसेल तर कंट्रोल+आल्ट+होम दाबलं की वरची पट्टी समोर येते.

विंडो एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर न्यायचा शॉर्टकट शोधत बसू नका, विंडोजमध्ये तसा तयार शॉर्टकट दिलेलाच नाही. विन+टॅब, बाणांनी विंडो निवडायची, शिफ्ट+एफ१०, आणि मूव्ह टू. माउसनं ओढली तरी चालते.

यावरूनच स्क्रिप्टवाले. पहिल्या आठवड्यातच ऑटोहॉटकीची (स्वतःचे शॉर्टकट बनवायचं सॉफ्टवेअर) स्क्रिप्ट टाकायची घाई असते लोकांना, विन+१ नं पहिला डेस्कटॉप, विन+२ नं दुसरा, वगैरे. स्क्रिप्ट वाईट नाहीत, मी स्वतः वापरतो. पण दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. एक, बाहेरच्या प्रोग्रामसाठी मायक्रोसॉफ्टनं जी अधिकृत सोय दिलीय ती अगदी तोकडी आहे, दुसऱ्याची विंडो हलवणं, अमुक डेस्कटॉपवर जाणं हे त्यात बसत नाही, म्हणून या स्क्रिप्टा कुठं न लिहिलेल्या आतल्या वाटेनं जातात, आणि विंडोजचा मोठा अपडेट आला की ती वाट बदलते आणि स्क्रिप्ट गप्प होते. दोन, ॲडमिन म्हणून उघडलेली विंडो समोर असेल तर साध्या हक्कानं चालणारी स्क्रिप्ट कीज पकडू शकत नाही. "कधी चालतं कधी नाही" ही तक्रार बहुधा इथली असते. आणि विन+१ ते विन+९ हे टास्कबारवरचे प्रोग्राम उघडायला आधीच दिलेले आहेत, ते तोडून नवीन बसवताय हे लक्षात असू द्या. आधी महिनाभर मूळ शॉर्टकट वापरा, खरंच अडलं तर मग स्क्रिप्ट.

एखादी विंडो कुठल्याही डेस्कटॉपवर गेलं तरी पाठ सोडत नसेल तर ती तुम्हीच कधीतरी सगळीकडे दाखवायला लावलीय. विन+टॅब, त्या विंडोवर राइट क्लिक, "शो धिस विंडो ऑन ऑल डेस्कटॉप्स" वरची खूण काढा.

उबुंटूसारखं लिनक्स आणि त्यावर ग्नोम (लिनक्सवरची एक डेस्कटॉप मांडणी) वापरणाऱ्यांनी विंडोजचे नियम तिकडे लावू नयेत. ग्नोममध्ये "स्विच ॲप्लिकेशन्स" आणि "स्विच विंडोज" असे दोन वेगळे शॉर्टकट आहेत. पहिला मुळात सगळ्या वर्कस्पेसमधली (तिकडचे व्हर्च्युअल डेस्कटॉप) ॲप दाखवतो, दुसरा फक्त चालू वर्कस्पेसच्या विंडो. आल्ट+टॅब कुणाला जोडलंय ते कीबोर्डच्या सेटिंगमध्ये बघितल्याशिवाय काही बदलू नका. दोन मॉनिटर असतील तर ग्नोम मुळात फक्त मुख्य मॉनिटरवर वर्कस्पेस बदलतं, दुसरा जागचा हलत नाही, तो बिघाड समजून ड्रायव्हर काढणारे लोक आहेत. मल्टिटास्किंगच्या सेटिंगमध्ये ते बदलता येतं.

डेस्कटॉप किती ठेवायचे? दोन, फार तर तीन. सहा-सहा डेस्कटॉप करणाऱ्यांना कुठला कुठे ते आठवत नाही आणि मग ते दिवसभर बाण दाबत फिरतात. मशीन रीस्टार्ट केल्यावर डेस्कटॉप राहतात पण विंडो आपापल्या जागी परत जात नाहीत, म्हणजे सकाळी सहाच्या सहा परत मांडायचे. विंडोज ११ असेल तर प्रत्येक डेस्कटॉपला वेगळा वॉलपेपर लावता येतो, विन+टॅब, डेस्कटॉपवर राइट क्लिक, चूज बॅकग्राउंड. बदलल्याबरोबर डोळ्याला कळतं आपण कुठं आहोत. दिवाणजींना पहिल्यावर हळदीच्या ढिगाचा फोटो लावून दिलाय, दुसऱ्यावर गणपती मंदिर, आणि तिसरा बनवूच दिला नाही.